सतत गैरहजर

मॅडम हजेरी घ्यायच्या, ती न आलेल्यांची.

रविवारी दुपारी तीन वाजता गावच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही वीस-बावीस मुलंमुली जमायचो. मॅडम लुना भिंतीला टेकवायच्या आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून आत यायच्या. गावात हेल्मेट घालणाऱ्या त्या एकट्याच. पायरी चढून, चपला काढून, टेबलापाशी पोचल्यावर ते काढायचं आणि टेबलावर उलटं ठेवायचं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळात बघून त्या विचारायच्या, "हं. आज कोण नाही?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, वर्गातल्या कुणाला तरी ताप असेल, त्याचं नाव सांगायचं असेल. तेवढ्यात पुढे बसलेला एक मुलगा उठला.

"मॅडम, किल्ल्याच्या धड्यात दगड वाहणारे नाहीत."

"लिहा."

"मॅडम, तुरुंगात गेलेल्यांच्या बायका नाहीत. घरी चूल कोण पेटवत होतं ते लिहिलंच नाही."

"लिहा."

मग कोलाम पोडावरचा मारोती उठला. पोड म्हणजे जंगलाच्या कडेची कोलाम आदिवासींची वस्ती. तो म्हणाला, "जंगलाच्या धड्यात आमी नाई. वाघ हाय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण हसता हसताच म्हणाल्या, "हे मोठ्या अक्षरात लिहा."

बसलेल्यांची नावं मात्र त्या कधीच घेत नसत. "तुम्ही तर दिसताच आहात. तुमची कशाला घ्यायची?" मी त्या वर्गात टिकले ती या एका गोष्टीमुळे. पांढरकवड्याच्या माझ्या इंग्रजी शाळेत रोज सकाळी नावं पुकारली जात. माझं नाव जवळ येऊ लागलं की माझा घसा बंद व्हायचा. शिक्षिका दोनदा पुकारायच्या, तिसऱ्यांदा मान वर करून बघायच्या, आणि मी हजर असूनही गैरहजर असल्यासारखी दिसायचे. इथे खांबाआड बसून राहता येत होतं. कोणी हाक मारणार नव्हतं.

खरं तर मला तिथे पाठवलं होतं मराठीसाठी. मी नववीत होते आणि मराठीत काठावर पास झाले होते. आईला ते फार लागलं. "घरात सगळे मराठी बोलतात, अन् पोरगी मराठीतच अडते, म्हणजे काय?" असं ती येईल त्याला सांगत होती. तिने दोन उपाय काढले. एक म्हणजे रोज सकाळी आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, मराठी पेपर वाचून दाखवायचा. दुसरा, रविवारी मॅडमकडे जायचं.

पहिला उपाय मला आवडला. आबाजींची नजर अधू झाली होती. अंगणात लिंबाखाली त्यांची खुर्ची असायची आणि शेजारी माझा स्टूल. मी चुकले की ते रागवत नसत. "पुन्हा म्हन, मले समजलं नाई," एवढंच म्हणत, म्हणजे समजलेलं असायचं, मी चुकले आहे हे सांगायची ती त्यांची पद्धत. मी मोठ्याने बोलायचे ते दिवसभरात तेवढंच, आणि तेवढ्याच एका माणसाशी.

दुसऱ्या उपायाला त्यांचा विरोध होता. "थे बाई मराठी नाई शिकवत. पोट्ट्यायले प्रश्न इचारायले शिकवते." मॅडम गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आबाजी तिथल्या समितीचे अध्यक्ष. पंधरा वर्षं दोघं भांडले होते. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी मात्र आबाजींनी स्वतः शाल आणली होती. मॅडमनी ती घेतली आणि म्हणाल्या, "मुतारीचं दार आणलं असतं तर जास्त बरं झालं असतं." पुढच्या आठवड्यात दार बसलं.

मॅडम मुलांना 'तुम्ही' म्हणायच्या. पहिलीतल्या पोरालासुद्धा. आमच्या भागात हे इतकं विचित्र वाटतं की पहिल्यांदा 'तुम्ही' ऐकणारा मागे वळून बघतो, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. उलट सरपंचांना त्या 'तू' म्हणत, कारण ते त्यांचे विद्यार्थी होते. एकदा सरपंच गाडी थांबवून व्हरांड्याशी आले, नमस्कार केला. मॅडम म्हणाल्या, "काय रे, पोडावरचा रस्ता कधी करणार आहेस?" ते म्हणाले, "करून राह्यलो ना मॅडम, प्रस्ताव पाठवला." "सतराचा पाढा पण तू असाच करून राहिला होतास. चौथीपासून." आम्ही तोंडावर वह्या धरून हसलो. सरपंचही हसले, पण लवकर निघाले.

थंडीच्या दिवसांत त्या उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा मोठा डबा आणायच्या. शेंगा खायच्या आणि टरफलं ज्याची त्याने स्वतःच्या खिशात ठेवायची, हा नियम. माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता. "मग मूठ आहे ना," त्या म्हणाल्या. झाडणारी बाई सोमवारी येते आणि ती तुमची मोलकरीण नाही, एवढं सांगून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. मी तासभर मूठ मिटून बसले होते.

माझा पहिला निबंध 'आमचे गाव' हा होता. मी फार मन लावून लिहिला. त्यात शाळा बांधली गेली, विहीर खोदली गेली, कापूस पिकवला जातो, असं सगळं होतं. वही परत आली तेव्हा तांबड्या शाईत एकच शब्द जागोजागी लिहिलेला होता, 'कोणी?' मी मोजले, अकरा वेळा. खाली शेरा होता, 'पाऊस आपोआप पडतो. बाकी सगळं कोणीतरी करतं.' हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणत, की मारोती त्यांची नक्कल करताना हेल्मेट घातल्यासारखा दोन्ही हात डोक्यावर धरून हेच म्हणायचा.

त्यांची सर्वांत अजब सवय म्हणजे गप्प बसण्याची. प्रश्न विचारला की त्या घड्याळाकडे बघत राहायच्या. उत्तराचं पहिलं अक्षरसुद्धा पुरवत नसत. एकदा सात मिनिटं व्हरांडा गप्प होता. शेवटी कोणीतरी घाबरून काहीतरी बोललं आणि ते बरोबर निघालं. "बघा," मॅडम म्हणाल्या, "सात मिनिटांत येतं. लोक दोन मिनिटांत सोडून देतात."

आता वहीबद्दल सांगते.

प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज नावाचं एक रजिस्टर असतं. कोणतं मूल कधी शाळेत आलं, कधी गेलं, सगळं त्यात. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरला वाळवी लागली होती. मॅडमनी मुख्याध्यापिका असताना दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून ते अख्खं उतरवून काढलं होतं, चार जाडजूड वह्यांमध्ये. त्या वह्या लुनाच्या हँडलला अडकवलेल्या खताच्या पिशवीत असायच्या.

एका रविवारी त्यांनी वही उघडून आमच्यात फिरवली. "शेवटचा रकाना वाचा."

शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, 'शाळा सोडल्याचे कारण'. रकाना बोटभर रुंद. काही नावांपुढे 'सातवी उत्तीर्ण', काहींपुढे 'परगावी गेले'. आणि पानामागून पान, ओळीमागून ओळ, 'सतत गैरहजर'. 'सतत गैरहजर'. 'सतत गैरहजर'.

"हे कारण आहे का?" मॅडमनी विचारलं आणि घड्याळाकडे बघू लागल्या.

या वेळी माझ्या शेजारी बसणारी प्रज्ञा बोलली. प्रज्ञा म्हणजे पंचशील झेंड्याच्या चौकातली, माझ्याच वयाची, आणि माझ्यापेक्षा दसपट धीट. ती म्हणाली, "नाही मॅडम. हे तर गुरुजींना दिसलं तेवढं लिहिलं. पोरगं येत नव्हतं, एवढंच. काहून येत नव्हतं ते लिहिलंच नाही."

"रकाना बोटभर आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यात यापेक्षा जास्त मावत नाही."

स्वतःबद्दल त्या फक्त त्या दिवशी बोलल्या, तेही डब्याचं झाकण लावता लावता. त्या पुसदकडच्या एका तांड्यातल्या. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, लेकरं सोबत. त्यांचं नाव शाळेतून दोनदा कमी झालं होतं. दोन्ही वेळी एका गुरुजींनी पुन्हा घातलं. "गुरुजींनी माझ्या याडीला एकच विचारलं, परत कधी येणार? आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. तोपर्यंत तिला शाळेतल्या कोणी काही विचारलंच नव्हतं." झाकण बसलं आणि विषय संपला.

प्रजासत्ताक दिनाला शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता. अध्यक्ष अर्थातच आबाजी. मॅडमनी समितीकडे मागणी केली की ज्यांची नावं कमी झाली त्यांनाही बोलवा. आबाजी म्हणाले, "शाळा सोडून गेलेले कायचे माजी विद्यार्थी, बाई?" मॅडम म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तुम्ही सातवीत दोनदा बसलात. तुम्हाला बोलावलंच ना? रजिस्टर माझ्याकडे आहे." हे आबाजींनीच घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना इतके हसले की खोकला लागला. परवानगी मिळाली.

मग पुढच्या रविवारी हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या आल्या. प्रत्येकीवर वहीतलं एक नाव, गावात अजून असलेल्या माणसाचं. ज्याला जे नाव येईल त्याने त्या माणसाकडे जायचं, शाळा का सुटली ते विचारायचं आणि मेळाव्यात नाव पुकारून खरं कारण वाचायचं. मी चिठ्ठी उघडली. 'पंचफुला. इयत्ता चौथी.'

प्रज्ञा डोकावली आणि ओरडली, "अवं, हे तर माही आजी!"

तिची आजी म्हणजे फुलामाय. जन्मापासून मी तिला ओळखत होते. कापूस वेचायला आमच्या शेतात येणाऱ्या बायांमधली सर्वांत पुढे चालणारी. हिवाळ्यात पदरात बोरं आणून माझ्या हातात ओतणारी. तिचं पूर्ण नाव पंचफुला आहे, हे मला चौदा वर्षांत माहीत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या अंगणात बसलो. फुलामाय हरभऱ्याची भाजी निवडत होती.

"काय व, दोघी दोघी? परीक्षा हाय का माही?"

"आजी, तू शाळा काहून सोडली ते सांग," प्रज्ञा म्हणाली. "हिला लिहायचं आहे."

"लिवायचं? कायले?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग भाजीकडे. "सोडली म्हनजे, सुटली."

मला पुढचा प्रश्नच सुचेना. मग मी मॅडमसारखं केलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. गप्प बसून राहिले. घड्याळ नव्हतं म्हणून भाजीच्या काड्यांकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने फुलामाय म्हणाली, "तुही आत्या झाली ना, तवा तुह्या आजीची तब्येत बरी नव्हती. लेकरू सांभाळाले कोनी पायजे होतं. मले ठेवलं. दिवसभर कडेवर पोरगी. दोन साल."

माझी आत्या नागपूरला असते. बँकेत मोठी अधिकारी आहे. घरात आम्हा सगळ्यांना ती दाखवली जाते, बघा, पोरीच्या जातीने किती शिकावं म्हणून.

"लिवू नको बरं माय," फुलामाय म्हणाली. "तुह्या आबाजीले वाईट वाटन. लिव का घरची अडचन होती."

मला इतकं हलकं वाटलं की त्याची मला अजून लाज वाटते. मी घरी जाऊन सुबक अक्षरात लिहिलं, 'कौटुंबिक अडचण'. मॅडमनी कागद वाचला, तांबडं पेन काढलं आणि खाली दोनच शब्द लिहिले. 'कोणाचं कुटुंब?'

वर्ग सुटल्यावर मी खांबाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मॅडम हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. त्या म्हणाल्या, "ही गोष्ट तुमच्या आजोबांची नाही, माझीही नाही. फुलाबाईंची आहे. सांगायची की नाही ते त्यांना विचारा. पण विचारण्याआधी त्यांच्याबद्दल काय लिहिलेलं आहे, ते त्यांना दाखवा." आणि पिशवीतली ती वही काढून माझ्या हातात दिली. चार वह्यांपैकी एक, दोन उन्हाळ्यांचं काम. मी ती दप्तरात न ठेवता छातीशी धरून नेली.

फुलामायने हात धुतले, पदराला पुसले आणि वहीच्या पानावर बोट ठेवलं.

"हे माहं नाव हाय?"

"हो."

तिने बोट सरकवत वाचलं, "पं... च... फु... ला." चौथीपर्यंतचं सगळं तिला अजून येत होतं. ती प्रज्ञाकडे बघून हसली. "पाह्य, आलं का नाई." मग बोट ओळीवरून पुढे गेलं, रकान्यांमधून सरकत शेवटपर्यंत. "अन् हे? स... त... त..."

"सतत गैरहजर," प्रज्ञाने सांगितलं.

फुलामायचं बोट तिथेच थांबलं.

"कोन? मी?" ती म्हणाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी गैरहजर? बाप्पा! मी रोज यिऊन खिडकीपाशी उभी राहत होती. रोज! पोरगी कडेवर घेऊन. गुरुजी आतून म्हनत, लेकरू रडते, पुढं जाय. तिचं डोकं थोपटत मी बाहेरून पाढे म्हनत होती. मले इचारा ना कोन गैरहजर होतं!" ती उठून उभीच राहिली. मग माझ्याकडे वळली. "लिव. जसं हाय तसं लिव. घरची अडचन नाई, काई नाई. लिव."

मेळाव्यापर्यंत चार दिवस होते. रोज सकाळी मी आबाजींना पेपर वाचून दाखवत होते आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं. एकदाही सांगितलं नाही. मला फुलामायला शब्द दिल्यासारखं वाटत होतं, आबाजींनी अडवलं तर तो मोडला असता, आणि त्या लिंबाखालचा स्टूल जाईल याची भीतीही वाटत होती. त्या स्टुलाखेरीज मला बोलायला जागा नव्हती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मग शाळेच्या पटांगणात मंडप. स्टेजवर मधल्या खुर्चीत आबाजी, फेटा बांधून. मंडपात एका बाजूला शाळा पूर्ण केलेले, दुसऱ्या बाजूला वहीतले. तेही जवळजवळ वीसजण आले होते, ठेवणीतली लुगडी, इस्त्रीचे सदरे. आमच्या वर्गातला एकेक जण माइकपाशी जात होता. नाव, इयत्ता, कारण. गुरं राखायला ठेवलं. लग्न लागलं. भावाला शिकवायचं होतं. पाटी फुटली, दुसरी आणता आली नाही. प्रत्येक नावाला मंडपातून कोणीतरी उभं राहून म्हणत होतं, "हजर." पहिला 'हजर' आला तेव्हा लोक हसले. पाचव्यानंतर कोणी हसत नव्हतं.

माझी पाळी आली. मी माइकपाशी गेले. "पंचफुला. इयत्ता चौथी."

"मोठ्यानं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पंचफुला. इयत्ता चौथी."

"हजर," फुलामाय म्हणाली. ती पहिल्या रांगेत होती, आधीच उभी.

आणि माझा घसा बंद झाला. शाळेत रोज सकाळी व्हायचा तसाच. कागद हातात होता, अक्षरं दिसत होती. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी मनगट उलटं केलं आणि घड्याळाकडे बघायला लागल्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. पण मला एवढं आठवतं की मी मनात म्हटलं, सात मिनिटं आहेत.

"कारण," मी वाचलं, "आमच्या घरी माझ्या आत्याला सांभाळायला ठेवलं होतं. त्या रोज शाळेच्या खिडकीशी येत होत्या. त्या गैरहजर नव्हत्या."

आबाजी काठीच्या मुठीकडे बघत होते. माइक घूं घूं करत होता. मॅडम म्हणाल्या, "पुढचं नाव." बाकी सगळ्यांच्या वेळी म्हणाल्या तशाच.

घरी बाबा फक्त एवढंच म्हणाले, "मले तरी आधी सांगायचं ना." आईने ताट वाढलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली. आबाजी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली त्यांची खुर्ची होती, स्टूल नव्हता. पेपर ते स्वतःच हातात धरून बसले होते, चष्मासुद्धा न लावता. तिसऱ्या दिवशी तसंच. आठव्या दिवशी तसंच. मी खिडकीतून बघायचे आणि शाळेच्या बसला जायचे.

त्यानंतरच्या रविवारी मॅडमनी हेल्मेट उलटं ठेवलं आणि विचारलं, "आज कोण नाही?" तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. आबाजी होते. एकटेच चालत आले होते, धाप लागलेली.

"बाई," ते तिथूनच म्हणाले, "त्या दिवशी पोरीनं अर्धंच लिवलं."

मॅडमनी टेबलाजवळची खुर्ची ओढून दिली. ते बसले नाहीत. मॅडमनी वही उघडली आणि पेन पुढे केलं. "मग पूर्ण करा."

"मले दिसत नाई."

"मग सांगा. तुमची नात लिहील."

मी खांबाआडून उठून गेले. प्रज्ञाने सरकून जागा दिली. आबाजी सावकाश बोलू लागले, मी पेपर वाचायचे त्याच वेगाने.

"फुलाबाईचा बाप आमच्याकडं सालदार होता." आजवर ते तिला 'फुली' म्हणत आले होते. "सालभर आमच्या घरचं काम, आमच्या घरचं धान्य. पोरीले पाठव, असं मी त्याले म्हटलं." ते थांबले. कोणी त्यांना शब्द पुरवला नाही. "मी त्याले इचारलं नाई. सांगितलं. तो नाई म्हनू शकत नव्हता, हे मले तवाबी माहीत होतं. एवढं लिव."

मी लिहिलं. बोटभर रकान्यात ते मावेना. ओळ समासात गेली, तिथून खाली, मग पानाच्या कडेने वळून वर.

"वाच," आबाजी म्हणाले.

मी वाचलं. वीस-बावीस मुलांसमोर, पूर्ण, न अडखळता.

"पुन्हा वाच. मले समजलं नाई," ते म्हणाले. मी चुकले नव्हते. तरी पुन्हा वाचलं.

सोमवारी सकाळी लिंबाखाली स्टूल होता.

ती वही घेऊन प्रज्ञा आणि मी फुलामायकडे गेलो. तिने ते पान दोनदा वाचून घेतलं. डोळे पुसले, नाक पुसलं. मग म्हणाली, "बुढ्यानं उशीर लय केला." आणि जरा वेळाने, "अन् पोट्टी लय जड होती. थेबी लिव." ते आम्ही लिहिलं. आत्याला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बारीक आवाजात म्हणाली, "मी जड होते?" होळीला ती आली ती आमच्या घराआधी फुलामायच्या अंगणात गेली. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही.

फुलामायची दोन वर्षं कोणी परत दिली नाहीत, तशी ती देता येत नाहीत. ती पुढेही बरीच वर्षं कापूस वेचायला येत होती. पण प्रज्ञा आता यवतमाळला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दर सुट्टीत येऊन माझ्या लिखाणात 'कोणी?' शोधते. मी पांढरकवड्याच्या एका शाळेत शिकवते. इतिहास.

मॅडमचे गुडघे गेले. गेल्या वर्षी त्या पुसदला भाचीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी खताची पिशवी आणि हेल्मेट माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "लुना देत नाही. तुम्हाला पाडेल." घरी येऊन मी शेवटची वही उघडली. शेवटच्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. शाळा सोडल्याचे कारण, 'गुडघे'. बोटभर रकान्यात बरोबर मावलेलं.

पहिल्या रविवारी मी व्हरांड्यात गेले. हेल्मेट उलटं ठेवलं. अठरा मुलं होती. मी विचारलं, "आज कोण नाही?"

"मोठ्यानं, मॅडम," मागून एकजण म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. कोणी बोललं नाही. मी घड्याळाकडे बघू लागले. खांबाआड एक मुलगी बसली होती, मान खाली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने तिकडून अगदी बारीक आवाज आला, "माझी मावशी नाही. पुस्तकात पण नाही, शाळेत पण नाही."

"लिहू या," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

मी नवी वही उघडली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. नाव, इयत्ता, तारीख, हे सगळं पानाच्या कडेला अंगठ्याएवढ्या जागेत बसवलं. उरलेलं अख्खं पान शेवटच्या रकान्याला दिलं.